६४-बिट डेबियनवर ३२-बिट लायब्ररी घेऊन प्रोग्राम बांधताना

तुमची अडचण मला अशी समजली. वजनकाट्याच्या इंडिकेटरशी बोलणारी लायब्ररी तुमच्याकडे फक्त ३२-बिटमध्ये आहे. तिचा सोर्स नाही आणि मिळण्याची आशाही नाही. पावत्या, डेटाबेस, छपाई हा बाकीचा सगळा प्रोग्राम सी मध्ये आहे आणि ६४-बिट डेबियनवर व्यवस्थित चालतो. लिंक करायला गेलं की लिंकर (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्रऱ्या जोडणारं साधन) ती फाइल ‘विसंगत’ म्हणून वगळतो आणि पुढच्याच ओळीत लायब्ररी सापडली नाही म्हणतो. कंपायलरला ३२-बिट कोड काढायला सांगणारा ‘-एम३२’ हा पर्याय लावावा म्हणून जीसीसी-मल्टिलिब हे पॅकेज टाकायला गेलात, तर ते तुमचा एआरएमचा क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी कोड काढणारा कंपायलर) काढून टाकायला निघालं. आता तुम्ही विचारता की सगळा प्रोग्रामच ३२-बिट करून टाकू का.

करू नका. का ते सांगतो, आणि त्याऐवजी काय करायचं तेही.

पहिली गोष्ट पक्की धरून चला: एका प्रोसेसमध्ये दोन शब्दलांबी, म्हणजे ३२-बिट आणि ६४-बिट कोड, नांदत नाहीत. ६४-बिट कर्नलवर ३२-बिट प्रोसेस सुखाने चालते, शेजारीशेजारी दोन्ही प्रकारच्या शंभर प्रोसेस चालवा, कर्नलची हरकत नाही. पण ६४-बिट प्रोसेसच्या पोटात ३२-बिट लायब्ररी भरता येत नाही. लिंक करून नाही आणि डीएल-ओपन करून, म्हणजे प्रोग्राम चालू असताना भरूनही नाही. तिथे ‘राँग ईएलएफ क्लास’ असा एरर येतो. ईएलएफ हा लिनक्सवरच्या प्रोग्राम आणि लायब्रऱ्यांचा फाइल-प्रकार, त्या फाइलचा पाचवा बाइटच हे ठरवतो, तिथे १ असेल तर ३२-बिट आणि २ असेल तर ६४-बिट. शिवाय आतलं सगळं वेगळं आहे. ३२-बिट एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर) फंक्शनला द्यायच्या किमती स्टॅकवर ठेवल्या जातात, ६४-बिटवर पहिल्या सहा पूर्णांक किंवा पॉइंटर किमती रजिस्टरमधून जातात. पॉइंटर एकीकडे ४ बाइटचा, दुसरीकडे ८ बाइटचा. मध्ये पूल टाकणारा कोणताही कंपायलर पर्याय अस्तित्वात नाही, त्यामुळे तो शोधण्यात वेळ घालवू नका.

म्हणून रचना अशी ठेवा. लायब्ररीला हात लावणारा एक छोटा ३२-बिट प्रोग्राम, त्याला आपण मदतनीस म्हणू. त्याचं काम एवढंच की इंडिकेटरकडून वजन घ्यायचं आणि युनिक्स सॉकेटवर (एकाच यंत्रावरच्या दोन प्रोसेसना जोडणारी वाट) पुढे द्यायचं. मुख्य प्रोग्राम ६४-बिटच राहील आणि सॉकेटवरून वजन वाचेल. ही युक्ती माझी नाही, फार जुनी आहे. लिनक्सवर ६४-बिट ब्राउझर आले तेव्हा फ्लॅश प्लेअर ३२-बिटमध्येच मिळायचा. तेव्हा एनएस-प्लगइन-रॅपर नावाचं साधन नेमकं हेच करायचं, प्लगइन वेगळ्या ३२-बिट प्रोसेसमध्ये चालवायचं आणि ब्राउझरशी तिची बोलणी करून द्यायचं. या रचनेचा एक फायदा तुम्हाला नंतर कळेल: लायब्ररी कोसळली तर फक्त मदतनीस पडतो आणि त्याला पुन्हा उभा करायला सिस्टम-डी हा सेवा सांभाळणारा प्रोग्राम आहे. पावती करणारा माणूस थांबून राहत नाही.

सगळा प्रोग्राम ३२-बिट करण्यात काय वाईट? तुम्ही वापरता ती प्रत्येक लायब्ररी, म्हणजे डेटाबेसची, छपाईची, टीएलएसची, ३२-बिटमध्ये आणावी आणि सांभाळावी लागेल. आणि तो आधार आता आटत चालला आहे. डेबियन १३, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ट्रिक्सीपासून आय३८६ ला, म्हणजे डेबियनच्या ३२-बिट एक्स८६ आवृत्तीला, स्वतःचा कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ६४-बिट यंत्रावर जुने ३२-बिट प्रोग्राम चालावेत, एवढ्याचसाठी तो ठेवला आहे. उबुंटूने २०१९ मध्ये आय३८६ ची पॅकेजेस बंद करायचं जाहीर केलं होतं. स्टीम आणि वाइन वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केला म्हणून निवडक पॅकेजेस राहिली. मॅकओएसने तर त्याच वर्षी कॅटालिनामध्ये ३२-बिट प्रोग्राम पूर्ण बंद केले. तेव्हा ३२-बिट भाग जितका लहान, तितका पुढचा त्रास कमी.

आता बांधणी. जीसीसी-मल्टिलिब आणि क्रॉस कंपायलर यांचं वैर डेबियनमध्ये बरीच वर्षं चालत आलेलं आहे. एका हेडर-फोल्डरच्या जागेवरून दोन्हींत तंटा होता, म्हणून पॅकेजमध्येच एकमेकांना मनाई लिहिलेली असायची. तुमच्या यंत्रावर जे झालं ते त्यातूनच. मल्टिलिब सोडून द्या. मल्टिलिब आणि मल्टिआर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवीन माणसाची इथेच गल्लत होते. मल्टिलिब म्हणजे ६४-बिट कंपायलरसोबत सी लायब्ररीची एक ३२-बिट प्रत देणं, बस. बाकी लायब्रऱ्यांचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. मल्टिआर्क म्हणजे पॅकेज व्यवस्थेलाच दोन आर्किटेक्चर मान्य असणं. डेबियनमध्ये हे २०१३ च्या व्हीझीपासून आलं. त्याआधी ‘आयए३२-लिब्ज’ नावाचं एक भलंमोठं गाठोडं असायचं, कुणाला काय लागेल ते सगळं एकत्र कोंबलेलं, आणि एका लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती झाली की सगळं गाठोडं पुन्हा बांधायचं.

डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला ‘अ‍ॅड-आर्किटेक्चर’ या पर्यायाने आय३८६ जोडा, एपीटीची यादी ताजी करा आणि ‘क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आय३८६’ हे पॅकेज टाका. त्यातून ‘आय६८६-लिनक्स-जीएनयू-जीसीसी’ या नावाचा वेगळा कंपायलर मिळतो. तुमचा एआरएमचा कंपायलर जिथे आहे तिथेच राहतो. हवी ती लायब्ररी नावापुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि आय३८६ लिहून मागवा. तिच्या फाइली ‘यूएसआर’मधल्या ‘लिब’खाली ‘आय३८६-लिनक्स-जीएनयू’ या फोल्डरात जातात, ६४-बिटच्या ‘एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’मध्ये. फेडोरा आणि तिच्या कुटुंबात वेगळी पद्धत आहे, तिथे ६४-बिटच्या फाइली ‘लिब६४’ मध्ये आणि ३२-बिटच्या ‘लिब’ मध्ये. एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या. कंपायलरच्या नावात आय६८६ आहे पण फोल्डरच्या नावात आय३८६. ही चूक नव्हे. कंपायलर कोणत्या पिढीच्या प्रोसेसरसाठी कोड काढतो ते बदलत राहतं, फोल्डरचं नाव मात्र बदलून चालत नाही, म्हणून ते गोठवलेलं आहे.

पीकेजी-कॉन्फिगकडे, म्हणजे लायब्ररी आणि तिचे हेडर कुठे आहेत ते कंपायलरला सांगणाऱ्या साधनाकडे, विशेष लक्ष द्या. साधा चालवला तर तो ६४-बिटचेच रस्ते देतो, आणि मग बिल्ड अर्धवट ६४-बिट हेडरवर आणि अर्धवट ३२-बिट लायब्ररीवर होतो. हेडर दोन्हीकडे बहुतेक सारखेच असतात म्हणून कंपाइल मुकाट्याने होतं. नाही होत तेव्हा चांगलंच, कारण कळतं तरी. त्याच्या ‘पाथ’ या व्हेरिएबलमध्ये रस्ता घातला तर तो फक्त आधी बघितला जातो, मूळ जागा तशाच राहतात. ‘लिबडिर’ मध्ये घातला तर मूळ जागा पूर्ण बदलतात. इथे तुम्हाला ‘लिबडिर’ हवा.

बांधलेला प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेला आणि चालवताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं, तर घाबरू नका. फाइल समोर दिसते, परवानग्या बरोबर आहेत, तरी शेल म्हणतं फाइल नाही. सापडत नाही ती तुमची फाइल नव्हे, तिच्या आत लिहिलेला लोडर, ‘लिब’ मधला ‘एलडी-लिनक्स.एसओ.२’. आय३८६ ची सी लायब्ररी त्या यंत्रावर टाकली की प्रश्न सुटतो. ‘फाइल’ या आज्ञेने आधी बघून घ्या. ३२-बिट की ६४-बिट आणि लोडर कोणता, दोन्ही एका ओळीत सांगते.

क्रूट (एका फोल्डरात बसवलेली वेगळी सिस्टम) किंवा कंटेनरमध्ये बांधायचं ठरवलंत तर तेही उत्तमच, मी स्वतः मोठ्या कामांना तेच वापरतो. फक्त तिथे यंत्राचा प्रकार ‘यूनेम’ या आज्ञेला विचारू नका. तो कर्नलचं सांगतो, फोल्डरातल्या वस्तीचं नाही, आणि त्याच्या भरवशावर चालणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्ट ६४-बिट समजून चालतात. ‘लिनक्स३२’ या आज्ञेखाली बिल्ड चालवलात तर कर्नल आय६८६ असं उत्तर देतो. रास्पबेरी पायवर काम करणाऱ्यांना हाच अनुभव येतो. ३२-बिट सिस्टम टाकलेली, पण कर्नल ६४-बिट, म्हणून ‘यूनेम’ म्हणतो एआर्च६४ आणि बिल्ड भलतीकडे जातो. ‘डीपीकेजी’ ला ‘प्रिंट-आर्किटेक्चर’ विचारा किंवा ‘गेटकॉन्फ’ ला ‘लाँग-बिट’ विचारा. खरं उत्तर तिथे आहे.

इथपर्यंतचं एका दुपारचं काम आहे. खरी काळजी मला पुढच्या भागाची वाटते, कारण तिथे एरर येतच नाही. आकडे चुकतात.

तुमचा मदतनीस सॉकेटवर एक स्ट्रक्चर पाठवेल. त्यात, समजा, पावती क्रमांक ३२ बिटांचा आणि ग्रॅममधलं वजन ६४ बिटांचं. तुम्ही म्हणाल, मी ‘लाँग’ वापरलाच नाही. ३२-बिटवर तो ४ बाइटचा, ६४-बिट लिनक्सवर ८ चा आणि ६४-बिट विंडोजवर पुन्हा ४ चा, हे मला माहीत आहे, म्हणून मी ‘इंट३२-टी’ आणि ‘इंट६४-टी’ अशा ठरलेल्या रुंदीचे प्रकार वापरले. बरोबर केलंत, पण पुरेसं नाही. रुंदी ठरली, जागा ठरली नाही. ३२-बिट एक्स८६ लिनक्सवर स्ट्रक्चरमधला ६४-बिटचा आकडा ४ बाइटच्या सीमेवर बसतो, ६४-बिटवर ८ च्या. त्यामुळे तेच स्ट्रक्चर एकीकडे १२ बाइटचं आणि दुसरीकडे १६ बाइटचं. बाइट शून्यापासून मोजले तर वजन एकीकडे चौथ्या बाइटपासून सुरू, दुसरीकडे आठव्यापासून.

हे मी पुस्तकात वाचलेलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम आम्ही ६४-बिटवर नेला होता. जुन्या ३२-बिट प्रोग्रामने वजनांची फाइल लिहून ठेवलेली, नव्याने ती वाचायची. चाचणीसाठी दोन पावत्या केल्या आणि पहिलीच उघडली. क्रमांक १, बरोबर. वजन ८५८९९३४५९२ ग्रॅम. म्हणजे आठ हजार पाचशे नव्वद टन ऊस एका ट्रॅक्टरवर. सगळे म्हणाले फाइल खराब झाली. मी तो आकडा कागदावर लिहिला आणि बघत बसलो. ८५८९९३४५९२ म्हणजे ४२९४९६७२९६ च्या बरोबर दुप्पट, म्हणजे २ गुणिले दोनचा ३२ वा घात. मग हेक्समध्ये फाइल उघडली. पहिले चार बाइट क्रमांक १. पुढचे आठ बाइट खरं वजन, त्यातला वरचा अर्धा भाग शून्य. त्यापुढचे चार बाइट दुसऱ्या पावतीचा क्रमांक, २. नवा प्रोग्राम आठव्या बाइटपासून वाचत होता. त्याला खालच्या अर्ध्यात पहिल्या वजनाची शून्यं मिळाली आणि वरच्या अर्ध्यात पुढच्या पावतीचा २. फाइल अगदी धडधाकट होती. आकडा एवढा अशक्य आला म्हणून आम्ही पकडला. तो सतरा टनांचा अठरा टन झाला असता तर शेतकऱ्याच्या बिलात गेला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

म्हणून हे मनापासून सांगतो: सीमेपलीकडे जाणारं स्ट्रक्चर कंपायलरच्या मर्जीवर सोडू नका. मधली रिकामी जागा स्वतः नाव देऊन लिहा, मोठे आकडे आधी ठेवा, आणि खाली ‘स्टॅटिक असर्ट’ने एकूण आकार आणि प्रत्येक घटकाची जागा बांधून टाका. दोन्ही कंपायलरमधून तीच हेडर फाइल जाऊ द्या. मांडणी बिघडली तर बिल्ड तिथेच थांबेल, वजनकाट्यापर्यंत पोचणार नाही. आतली पोकळी डोळ्यांनी बघायची असेल तर ‘पहोल’ हे साधन वापरा, प्रत्येक घटक कुठे बसला आणि कुठे भोक आहे ते छापून देतं. आणि ‘३२-बिट म्हणजे १२ बाइट’ असा नियम करून घेऊ नका. ३२-बिट एआरएमवर हेच स्ट्रक्चर १६ बाइटचं होतं, कारण तिथली एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमधल्या मांडणीचे ठरलेले नियम, ६४-बिट आकडे ८ च्या सीमेवर ठेवते. शब्दलांबी एक, मांडणी वेगळी. तुमच्याकडे एआरएमचं काम चालू आहे म्हणून मुद्दाम सांगितलं. माझ्यापुरतं विचाराल तर एवढ्या कमी डेटासाठी मी स्ट्रक्चर पाठवतच नाही, एका ओळीत मजकूर पाठवतो: क्रमांक, स्वल्पविराम, वजन, नवी ओळ. काट्यावर सेकंदाला दहा वजनं आली तरी त्याचा भार जाणवत नाही, आणि रात्री फोन आला तर कुणालाही सॉकेटवर नजर टाकून काय चाललंय ते सांगता येतं.

दशांशाच्या हिशोबाबद्दल थोडं. ३२-बिट जीसीसी मुळात जुन्या एक्स८७ एककावर गणित करतो, तिथे मधली उत्तरं ८० बिटांत राहतात. ६४-बिटवर एसएसई२ वापरलं जातं, तिथे प्रत्येक पायरी ६४ बिटांतच. एकाच सूत्राची शेवटची जागा दोन्हीकडे वेगळी येऊ शकते. मदतनीसाला ‘-एमएसएसई२’ आणि ‘-एमएफपीमॅथ=एसएसई’ द्या. त्याहून बरं म्हणजे वजन पूर्णांक ग्रॅममध्येच फिरवा. पैशाला आणि वजनाला दशांश-प्रकार लावणं हे दोन शब्दलांबींच्या भानगडीत न पडताही वाईटच.

मुख्य प्रोग्राम ३२-बिटच्या काळात लिहिलेला असेल तर त्यात एक जुनं दुखणं दडलेलं असतं. हेडर न जोडता फंक्शन वापरलं की जुना सी कंपायलर ते ‘इंट’ देतं असं गृहीत धरायचा. ३२-बिटवर ‘इंट’ आणि पॉइंटर दोन्ही ४ बाइटचे, म्हणून मॅलॉक, म्हणजे मेमरी मागून तिचा पॉइंटर देणारं फंक्शन, हेडरशिवाय वर्षानुवर्षं चाललं. ६४-बिटवर पॉइंटरचा वरचा अर्धा भाग कापला जातो आणि प्रोग्राम कधी चालतो, कधी कोसळतो. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने अशी अघोषित फंक्शन्स सरळ एरर ठरवली. हा बदल आला तेव्हा अनेकांची जुनी पॅकेजेस अडकली, तरी मला तो फार योग्य वाटतो. जुना जीसीसी वापरत असाल तर तो इशारा स्वतः एरर करून घ्या.

मदतनीस स्वतःची लॉग फाइल लिहीत असेल तर ती २ जीबीला अडेल. ‘फाइल-ऑफसेट-बिट्स’ ६४ करून बांधा. हे न केल्यास आणखी एक चमत्कारिक एरर येतो. मोठ्या डिस्कवर फाइलचा आयनोड क्रमांक (फाइल-सिस्टमने प्रत्येक फाइलला दिलेला क्रमांक) ३२ बिटांत मावत नाही, आणि चार केबीच्या कॉन्फिग फाइलची माहिती विचारली तरी ‘व्हॅल्यू टू लार्ज’ म्हणून नकार मिळतो. फाइल लहान आहे म्हणून लोक भलतीकडे शोधत बसतात.

राहिली तारीख. ३२-बिट लिनक्सवरचा जुना ‘टाइम-टी’ हा वेळेचा प्रकार १९ जानेवारी २०३८ ला संपतो, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. कर्नलची बाजू ५.६ पासून तयार आहे. जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीपासून ‘टाइम-बिट्स’ ६४ करून ३२-बिट प्रोग्रामलाही ६४-बिट वेळ घेता येते, मात्र त्यासोबत वरचा ‘फाइल-ऑफसेट-बिट्स’ ६४ असावाच लागतो. डेबियनने ट्रिक्सीमध्ये ३२-बिट एआरएमला हा बदल केला, आय३८६ ला मुद्दाम केला नाही, कारण तिथे तुमच्यासारख्या बंद लायब्रऱ्याच चालवायच्या आहेत आणि त्यांना जुनीच रुंदी अपेक्षित आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा: लायब्ररीच्या हेडरमध्ये ‘टाइम-टी’ कुठे आहे का ते आधी शोधा. तो असेल आणि तुम्ही मदतनीस ६४-बिट वेळेने बांधलात, तर तुमच्या आणि लायब्ररीच्या कल्पनेतलं स्ट्रक्चर वेगळं होईल, पुन्हा तोच १२ आणि १६ चा घोळ. असेल तर मदतनीस जुन्या रुंदीनेच ठेवा, लायब्ररीने दिलेली वेळ वापरूच नका, आणि पावतीवरची वेळ ६४-बिट मुख्य प्रोग्रामने टाकू द्या.

एक्स३२ बद्दल तुम्ही शेवटी विचारलं होतं. २०१२ मध्ये लिनक्स ३.४ सोबत ती एबीआय आली, ६४-बिटची रजिस्टर आणि ४ बाइटचे पॉइंटर असा मेळ. कल्पना सुंदर होती, पण तुमची लायब्ररी आय३८६ ची आहे. एक्स३२ ही त्याहून वेगळी, तिसरीच एबीआय, त्यामुळे ती इथे उपयोगी पडत नाही.

सुरुवात मदतनीसापासून करा. शंभर-दीडशे ओळींपेक्षा मोठा होऊ देऊ नका. तो बांधून झाला की आधी ‘फाइल’ आज्ञेचं उत्तर बघा, मग काट्यावर माहीत असलेलं प्रमाणित वजन ठेवून सॉकेटवर येणारी ओळ कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा, आणि त्यानंतरच मुख्य प्रोग्राम त्याला जोडा.